महेश्वरीत गुंडाळलेली सहा

१

उंदीर घाबरलेला असला की त्याचं दुखणं मोजता येत नाही. दर वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला मी हे मुलांना सांगते आणि दर वर्षी मागून कुणीतरी खुसखुसतं. पण खरंच आहे ते. ज्याला आपल्या हाताची भीती वाटते, तो चटका बसायच्या आधीच उडी मारतो. म्हणून आधी काही दिवस त्याला रोज हातात घ्यायचं, मानेमागे खाजवायचं, दोन शब्द बोलायचे. मी माणसांशी इतकं गोड कधी बोलले नसेन.

आमचं यंत्र साधं होतं. एका लहान पेटीवर बारीक तार, ती विजेने तापायची. उंदराला कापडात गुंडाळायचं, शेपूट तेवढी बाहेर, ती तारेवर आणायची आणि स्टॉपवॉच दाबायचं. चटका कळला की तो शेपूट झटकतो. साधा उंदीर तीन-चार सेकंदांत झटकतो, वेदनाशामक दिलेला जरा जास्त वेळ घेतो. दहा सेकंद झाले की झटको न झटको, शेपूट काढून घ्यायची, नाहीतर भाजते. आम्ही क्रूर नाही, हे मला लोकांना नेहमी सांगावं लागतं आणि सांगताना माझा आवाज चढतो.

तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता. उज्जैनला आमच्या फ्रीगंजच्या दुकानांत परदेशी बामच्या ट्यूबा आल्या होत्या, आणि इंदूरच्या एका काढे-चूर्णवाल्या मालकाला धास्ती बसली होती. आपल्या अंगदुखीच्या काढ्यावर 'प्रयोगशाळेत तपासलेला' असं छापायचं त्याने मनावर घेतलं. आमच्या फार्मसी कॉलेजचे विभागप्रमुख गोपाळकृष्ण सर खूश झाले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. उंदरांचे तीन गट, प्रत्येकात सहा. एकाला काढा, एकाला ठाऊक असलेलं औषध, आणि तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन. सलाईनवाल्यांचं काम एवढंच की त्यांनी इतर उंदरांसारखं दुखवून घ्यायचं.

अडचण टॉवेलची आली. स्टोअरमधून आलेले टॉवेल कोरे, खरखरीत. उंदीर त्यांत नुसते वळवळायचे. मी घरी अक्काजवळ कुरकुर केली.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होते आणि अक्का मॅट्रिकला होती. पुढे तिने शाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही आणि मला वाढवलं. दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढ्या जागेत आम्ही दोघी राहायचो. रिटायर झाल्यावर शुगरने तिला धरलं आणि हळूहळू तिच्या हातांची जाणीव गेली. तव्याला बोट चिकटलं तरी वास आल्यावर तिला कळायचं. अंघोळीचं पाणी रोज मी हात घालून बघायचे आणि मगच तिला हाक मारायचे. लहानपणी माझं पाणी ती बघायची, तेच उलटं झालं होतं.

"टॉवेल कशाला जबरदस्ती वापरते?" अक्का म्हणाली. "थांब, मी देते."

तिने ट्रंकेतून तिची जांभळ्या काठाची महेश्वरी साडी काढली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या जुन्या लुगड्याची दुपटी करतात, म्हणजे बाळाला ऊब लागते आणि बाईचं आयुष्य लाभतं. अक्काला स्वतःचं मूल नव्हतं, पण आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या साड्यांत निजली होती.

"अगं, उंदीर आहेत ते," मी म्हणाले.

"तर काय झालं? लहानच आहेत ना? त्यांना तर मालूम पण नाही कोण कशाला चटका देऊन राहिलंय." तिने धड उरलेल्या भागाचे टराटरा सहा तुकडे फाडले, एकेकाला पदराने पुसून घडी घातली, आणि मग दोन्ही हात त्या घड्यांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. "सगळी इडापिडा मला लागो."

मी हसले. हे ती माझ्या प्रत्येक परीक्षेला करायची.

तुकडे सहाच निघाले, म्हणून ते सहा सलाईनच्या उंदरांना ठेवले. गटांची गल्लत होणार नाही, एवढाच माझा हिशेब.

२

पहिल्याच दिवशी सलाईनच्या उंदराने शेपूट झटकली नाही.

मी उंदीर धरला होता आणि सुहास स्टॉपवॉच धरून उभा होता. सुहास माझा सहकारी, वयाने लहान, तोंडाने मोठा. दहा सेकंद झाले तसं त्याने शेपूट उचलली आणि म्हणाला, "मॅडम, हा झोपला की काय?"

झोपला नव्हता. डोळे टक्क उघडे होते. दुसरा घेतला, तोही तसाच. मग तिसरा. मग मी तार तापत नसेल म्हणून स्वतःचं बोट लावून पाहिलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते कॉलेजात शोभणारं नव्हतं. तार चांगली तापत होती. टॉवेलमधले काढ्याचे उंदीर चार-पाच सेकंदांत मुकाट्याने झटकत होते. महेश्वरीतले सहाही जण ढिम्म.

"मालकाला सांगा, काढा बंद करा, मीठ-पाणी बाटलीत भरून विका," सुहास म्हणाला. "भोत चालेल."

मला हसू आलं नाही, कारण मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. चटका चालू झाला की ते उंदीर मान वर करायचे. घाबरून नव्हे. कान पुढे, नाक किंचित उचललेलं, नजर खिडकीशेजारच्या कोपऱ्याकडे. तिथे एक मोडका स्टूल होता आणि भिंतीवर ओल होती. सहाही जणांनी तिकडेच पाहिलं. पाळण्यातलं मूल हाक मारणाऱ्याकडे बघतं, तसं.

खिडकीबाहेर कूलरची घरघर होती. तोच आवाज त्यांना वेगळा लागत असेल, असं मी मनाशी म्हटलं. कापड मऊ आहे म्हणून प्राणी शांत राहिले, असंही म्हटलं. दोन्ही कारणं चांगली होती.

३

संध्याकाळी जिना चढतानाच अक्काची हाक आली. एरवी ती जिन्यात ओरडणाऱ्यांना रागवायची.

"मंगल! अगं धाव, सुन तर!"

मी धसकून धावले. ती ओट्यापाशी उभी होती आणि दोन्ही हातांत रिकामा कप धरून त्याच्याकडे नवलाने बघत होती.

"दुपारी चहा घेतला ना, तर कप गरम लागला."

"म्हणजे?"

"म्हणजे गरम! बोटाला. आधी करंगळीला चर्र झालं, मला वाटलं काही चावलं. मग कप धरला तर गरम. मी परत ओतला, परत धरला, परत गरम. चार कप चहा ओतला मी सिंकमध्ये." आणि ती रडायला लागली. अक्काला रडताना मी फार कमी पाहिलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले, मग आम्ही दोघी हसलो आणि मी कोपऱ्यावरच्या हलवायाकडून इमरती आणली. तिला शुगर असताना.

डॉक्टर म्हणाले, नवी गोळी लागू पडली असेल, नसा कधीकधी जाग्या होतात. माझंही ज्ञान तेच सांगत होतं. अक्काने चार गल्ल्यांत बातमी पोचवली. वरच्या मजल्यावरची सुलू आली तर तिचा गाल चाचपून म्हणाली, "किती गार आहेस ग, थंडीत कशाला फिरतेस?" त्या दिवसांत उज्जैनला थंडीचं नावही नव्हतं, पण सुलूने निमूट स्वेटर घातला.

एकच गोष्ट मला खटकायची. जाणीव यायची ती सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी, आणि मग रात्रीपर्यंत हळूहळू विरत जायची. बाकीच्या दिवशी हात पुन्हा लाकूड. सोमवार आणि गुरुवार हे माझे यंत्राचे दिवस होते.

योगायोग असतात. मी संख्याशास्त्र शिकवलेलं आहे, योगायोग किती असतात ते मला ठाऊक आहे.

मग एका गुरुवारी वरण वाढताना तिच्या करंगळीवर मला लाल रेघ दिसली. आडवी, सरळ, आमच्या तारेइतकी बारीक.

"तव्याला लागलं," अक्का म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

आमचा तवा गोल आहे. त्याने अशी सरळ रेघ उठत नाही.

४

मी आधी कापड तपासलं. सलाईनच्या उंदरांना टॉवेलमध्ये गुंडाळलं तर त्यांनी व्यवस्थित शेपट्या झटकल्या. बोहरी दुकानदाराकडून मऊ मलमल आणून तिच्यात गुंडाळलं, तरी झटकल्या. परत महेश्वरीत ठेवलं आणि तार तापवली. सहाही जणांनी कोपऱ्याकडे मान वळवली आणि शेपट्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे मऊपणाचा प्रश्न नव्हता.

मग फोन. आमच्याकडे फोन त्याच वर्षी आला होता; नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की आम्ही आशा सोडली होती. गोपाळकृष्ण सर मीटिंगला गेले होते, त्यांच्या खोलीतून मी घरचा नंबर फिरवला. दार उघडं ठेवलं, म्हणजे समोर टेबलाशी बसलेला सुहास मला दिसेल. त्याला एवढंच सांगितलं होतं की मी हात केला की सुरू कर, मध्ये थांबू नकोस. आधी टॉवेलवाला घ्यायचा, मग महेश्वरीतला.

"अगं, भोपळा आणलाय," अक्का फोनवर म्हणाली. "घारगे करते. गूळ थोडा काळा निघाला यार, त्या दुकानदाराला मी बोलूनच दिलं."

मी हात केला. टॉवेलमधल्याने शेपूट झटकली. अक्का गुळाबद्दल बोलतच राहिली.

सुहासने महेश्वरीतला घेतला. मी पुन्हा हात केला.

"आणि सुलू म्हणत होती की तिच्याकडे," अक्का म्हणाली आणि थांबली. मला तिचा श्वास ऐकू आला, दातांतून आत ओढलेला. समोर उंदराने कान पुढे केले, नाक उचललं. आणि फोनमधून अगदी हलक्या आवाजात, माझ्याशी नव्हे, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशी ती म्हणाली, "झालं. झालं हं. झालं, झालं, संपलंच."

सुहासने शेपूट काढून घेतली.

"हं, तर सुलूकडे चांगला गूळ आहे," अक्का म्हणाली. "मंगल? ऐकून राहिली ना? येताना वेलदोडे आण."

माझ्या टाचेत काटा मोडला होता तेव्हा ती हेच म्हणाली होती. प्रत्येक इंजेक्शनला, प्रत्येक टाक्याला हेच. त्या आवाजात माझं निम्मं लहानपण गेलं. मी रिसीव्हर खाली ठेवला.

"मॅडम, तब्येत ठीक आहे ना?" सुहासने दारातून विचारलं. "चेहरा एकदम उतरलाय."

"घरी घारगे आहेत," मी म्हणाले.

५

खरं तर त्याच दिवशी मी ते तुकडे जाळायला हवे होते. पण अक्का आता सोमवारी-गुरुवारी संध्याकाळी अंघोळ करायची आणि पाणी स्वतः बघायची. दुपारी माझ्या फाटक्या ब्लाउजला टाके घालायची आणि सुई टोचली की "आई ग!" म्हणून खुशीत ओरडायची. एका गुरुवारी तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठे कितीतरी वेळ माझ्या गालांवरून फिरवत राहिली. मोजणी पुरी झाली होती तरी मी त्या दोन दिवशी महेश्वरी वापरत राहिले. प्रयोगाला गरज नव्हती. अक्काला होती.

पण प्रयोग संपायचा होता आणि तो कसा संपतो हे मला ठाऊक होतं. काचेची मोठी बरणी, तळाशी कापूस, कापसावर इथर. प्राणी आत ठेवून झाकण लावायचं. तो झोपतो आणि उठत नाही. मग शेपटीची कातडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली. मी सरांकडे गेले आणि म्हटलं की सलाईनचा गट ठेवून घेऊ या, पुढे मुलांना हाताळायला होतील.

"मंगलाबाई, लगाव हो गया क्या?" सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "कंपनीला तिन्ही गटांच्या कातडीचे नमुने पाहिजेत. सोमवारी उरकून घ्या."

रविवारी सकाळी मी अक्काला सरळ विचारलं. ती गॅलरीत तांदूळ निवडत होती.

"तुला कळतं ना, ते काय आहे ते?"

तिने वर पाहिलं नाही. "हातात कुणीतरी येऊन बसतं. एवढंसं, धडधडणारं. मग भाजायला लागतं. मी म्हणते झालं, झालं, आणि मग ते निजतं." एक खडा तिने बाहेर फेकला. "परेशान नको होऊ. दुखतं तेव्हा हे हात माझे आहेत असं वाटतं ग. नाहीतर नुसते लोंबतात."

"अक्का, उद्या त्यांना भूल देणार आहोत. कायमची."

तिचा हात थांबला. "त्यांना धरायला कोण असतं?"

"कुणी नाही. बरणीत ठेवतात."

"एकटं?"

मला एकच भीती होती आणि ती मी आता लपवत नाही. शेपटीचा चटका जर त्या कापडातून हिच्या करंगळीपर्यंत पोचतो, तर इथरची झोप कुठवर पोचेल? शास्त्रात याला उत्तर नव्हतं, कारण शास्त्रात हा प्रश्नच नव्हता. पण पुरावा होता: कापड नसलं की काही होत नाही. म्हणून मी एक दिवस आधीच सगळे तुकडे कॉलेजातून घरी आणून ठेवले होते. एकही तिकडे ठेवला नव्हता. पिशवी मी तिच्यासमोर ठेवली.

"हे मी जाळणार आहे."

"चांगलं कापड कुणी जाळतं का?" अक्का म्हणाली. तिने पिशवी मांडीवर ओढली, एक तुकडा काढून नाकाशी नेला. त्याला पिंजऱ्यातल्या भुशाचा आणि उंदरांचा वास येत होता. "मी धुऊन टाकते. तू तुझं काम कर."

माझं चुकलं ते इथे. आमच्या घरात कधी काही टाकलं जात नसे. तुटलेल्या बादलीत तुळस, फुटक्या कपात सुपारी. कापड घरात आहे म्हणजे कॉलेजात नाही, एवढाच विचार मी केला आणि मला हायसं वाटलं.

६

सोमवारी दुपारी जेवणानंतर आम्ही बरणी मांडली. काढ्याचा आणि औषधाचा गट सकाळीच झाला होता, त्यात नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं नव्हतं. त्यानंतर सुहासने बरणी धुतली, नवा कापूस घातला. मी सलाईनचा पहिला उंदीर उचलला. अंगावर कापड नाही, टॉवेलसुद्धा नाही. तो माझ्या तळव्यात उघडा, थरथरता. त्या दिवशी मला गोड बोलता आलं नसतं.

आत ठेवल्यावर तो काचेला नखं घासत गोल गोल धावला. तो आवाज मला अजून आवडत नाही. मग तो थांबला. मान वळवली. खिडकीशेजारचा कोपरा, मोडका स्टूल, ओल.

कान पुढे झाले.

बाहेर कूलर बंद होता. लाइट गेली होती. खोली इतकी शांत होती की मला सुहासच्या घड्याळाचा आवाज येत होता. उंदीर दोन पावलं त्या बाजूला गेला, जिथे काच होती तिथे नाक टेकवलं, अंगाची गुंडाळी केली आणि डोळे मिटले. मी त्याला बाहेर काढून छातीवर बोट ठेवलं. काही नव्हतं.

दुसरा धावलाच नाही. आत गेल्या गेल्या त्या बाजूला जाऊन वळकटी झाला. तिसरा तर माझ्या हातातच मान वळवून बघायला लागला होता. सहाव्याला बरणीत ठेवायच्या आधीच मला कळलं की ठेवण्यात अर्थ नाही. तो माझ्या तळव्यात निजला होता, एक पाय हनुवटीखाली घेऊन.

"सगळे किती आरामात गेले," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "इथर जास्त घातलंस का?"

सुहास कपाटापाशी उभा होता, हातात तपकिरी बाटली.

"मॅडम, सकाळची बाटली संपली होती. ही नवी." त्याने बाटली पुढे केली. "मला वाटलं बरणीत तुम्ही ओतलं."

बुचावरचं सील तसंच होतं. मी बरणीतला कापूस उचलला. कोरडा होता, अगदी कोरडा.

७

घरी नेणारा टेम्पो टॉवर चौकात अडकला, म्हणून मी उतरून पळत सुटले. माझ्या वयाची बाई ॲप्रन घालून पळताना पाहून लोक वाटेतून बाजूला होत होते. डोक्यात एकच होतं, अक्का. जिना चढताना मी तिला हाक मारली नाही. हाक मारून उत्तर आलं नसतं तर काय, ते मला सहन झालं नसतं.

दार लोटलेलं होतं. घरात भुशाचा वास होता.

ती गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. उन्हं उतरली होती आणि तिच्या चष्म्यावर चमकत होती. तिने मान वळवली, मला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. जिवंत होती. माझी अक्का जिवंत होती. मी चौकट धरून उभी राहिले.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ताच निजलीत."

तिच्या मांडीवर महेश्वरी होती. रात्रीतून तिने सहाही तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले होते, बारीक धावदोऱ्याने, जसं बाळंतविड्याचं दुपटं शिवतात तसं. दुपट्याखाली काही नव्हतं, वरही काही नव्हतं. तरी कापडात खळगे पडलेले होते. लहान लहान, जवळजवळ, कुणीतरी अंग आवळून निजावं असे. मी पाहत राहिले. वारा नव्हता. एक खळगा किंचित वर आला, खाली गेला. मग शेजारचा.

मला भीती होती अक्का त्यांच्यामागे निघून जाईल याची. ती त्यांना घरी घेऊन येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अक्का, ऊठ," मी म्हणाले. "आत चल."

"कशी उठू? मांडी भरलीय." ती हसली. इतकी तृप्त मी तिला कधी पाहिली नव्हती, माझ्या पहिल्या नंबराच्या वेळीसुद्धा नाही. "एकटं ठेवतात का कुणी? बरणीत? तुझं पण भोत चुकतं कधीकधी, मंगल."

मी पुढे झाले आणि तिच्या पायांशी बसले. तिने हात लांब करून माझ्या कपाळावर ठेवला. तो हात ऊबदार होता, आणि जागा. मला ते लगेच कळलं. बोटांची टोकं एकेक करून टेकली, थांबली, पुन्हा टेकली.

"कपाळ कढत आहे ग तुझं," ती म्हणाली. "किती दमून आलीस. पळत आलीस ना? वेडी."

कितीतरी वर्षांनी माझा ताप तिच्या हाताला कळला होता. सोमवार संपला, संध्याकाळ झाली, पुढे रात्र होईल, तरी हा हात आता विरणार नाही, हे मला का कोण जाणे पक्कं ठाऊक झालं. मला रडू आलं. तिने डोळे पुसले, माझे, मग दुपट्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.

"ये. टेक डोकं जरा."

मला उठायला हवं होतं. ते सहा कसे निजले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कापूस कोरडा होता हे माझ्याच बोटांनी चाचपलं होतं. तिचा अंगठा माझ्या भुवईवरून फिरत होता, लहानपणी फिरायचा तसाच, आणि ती माझ्या केसांत हळूच म्हणाली, "झालं. झालं हं, बाळा. संपलंच."

मी डोकं टेकवलं. गालाखाली काहीतरी ऊबदार हललं, जरा सरकलं, आणि मला जागा करून दिली.